जुळारी आजोबांची अर्धी गोष्ट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. शाळा सुटली आहे. प्रयोगशाळेशेजारच्या अरुंद खोलीत, जिथं एरवी गुंडाळलेले नकाशे आणि पाय मोडलेली बाकं ठेवतात, तिथं एका लांब टेबलाभोवती विद्यार्थी मंडळाची मुलं बसली आहेत. तुम्हीही त्यांच्यातलेच एक. समोरच्या फळ्यावर सरांनी लिहिलं आहे, 'या वर्षी आपण लोकांसाठी काय करणार?' आणि खडू ठेवून ते खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले आहेत. मुलांनी मोकळेपणानं विचार करावा असं वाटत असेल तर मोठ्या माणसानं पाठ करून उभं राहावं, असं त्यांचं मत होतं. आता सांगा बघू, तुम्हाला काय सुचतं? सावकाश. घाई कसलीच नाही.

त्या मुलांना बरंच काही सुचलं. बसथांब्याची बाकं रंगवायची. आखूड झालेले गणवेश गोळा करून ज्यांना लागतील त्यांना द्यायचे. नदीकाठचं प्लास्टिक उचलायचं. "आणि उचलून टाकायचं कुठं?" असं कुणीतरी विचारलं, तर त्यावर अशी जुंपली की नदी राहिली बाजूला. मग ढोल्या उठला. हा मुलगा अंगानं काडीसारखा, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. तो म्हणाला, "चौकात म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडून देऊ या."

"आणि त्यांना ओलांडायचा नसला तर?"

"तर परत आणून सोडू!"

सगळे हसले. सरांची पाठसुद्धा हसताना हलली.

टेबलाच्या टोकाला मंडळाची सचिव बसली होती. आठवीतली मुलगी. तिला घरीदारी सगळे 'पट्टी' म्हणायचे. लहान असताना तिनं धाकट्या भावाला बिस्किट अर्धं करून देताना खरोखर फूटपट्टी लावली होती, तेव्हापासून ते नाव चिकटलं. तिला त्याचा राग नव्हता, उलट आतून बरंच वाटायचं. वर्गात कुणाचं भांडण झालं की मुलं म्हणायची, "चला पट्टीकडे." आणि पट्टी जे सांगेल ते दोघंही मुकाट्यानं ऐकायचे.

ती म्हणाली, "शाळेच्या मागं वृद्धनिवास आहे ना, तिथल्या कितीतरी जणांना दिसत नाही नीट. आपण दर बुधवारी शाळा सुटल्यावर जाऊन त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. आपल्याला वाचता येतं आणि त्यांना ऐकता येतं. खर्च काहीच नाही."

याला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी हात वर केले. सरांनी वळून फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

पहिल्याच बुधवारी घोडं अडलं. वृद्धनिवासात बटणवाल्या आजी होत्या. त्यांचं एके काळी बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं. त्या गोष्ट ऐकता ऐकता मध्येच स्वतःची गोष्ट सांगायच्या, आणि उठताना पोराच्या हातात गोळी ठेवायच्या. सगळ्यांना त्यांच्याकडेच जायचं होतं. आणि जिन्याजवळच्या खोलीत काळा चष्मा लावून ताठ बसलेले एक आजोबा होते, त्यांच्याकडे जायला कुणी तयार होईना. एकमेकांना ढकलाढकली झाली, एक सहावीतली मुलगी रडली, आणि वृद्धनिवासातल्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वाचायला आलाय की कुस्ती खेळायला?"

त्या आठवड्यात पट्टीनं विचार करून एक नियम केला. दर बुधवारी प्रत्येकानं एक खोली पुढं सरकायचं. सगळ्या खोल्या होईपर्यंत त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. म्हणजे गोळीही सगळ्यांना आणि काळा चष्माही सगळ्यांना.

"याला म्हणतात न्याय," सर म्हणाले. पट्टीनं तो शब्द घरी नेला, जेवताना आईला सांगितला, झोपताना स्वतःला पुन्हा एकदा सांगितला.

फक्त ढोल्या कुरकुरला. पहिल्या बुधवारी त्याची वर्णी बटणवाल्या आजींकडे लागली होती. "मी आजींना सांगून आलोय की पुढच्या वेळी येतो म्हणून. त्या वाट बघतील गं."

"दुसरं कुणीतरी जाईलच की त्यांच्याकडे. रिकाम्या थोड्याच बसणार आहेत?"

"दुसरं कुणीतरी वेगळं, मी वेगळा."

"नियम म्हणजे नियम," पट्टी म्हणाली. ढोल्यानं दप्तर उचललं.

या नियमात खोट काढता येईल का तुम्हाला? नाही येणार. त्या टेबलाशी बसला असता तर तुम्हीही हात वर केला असता. मुलांच्या बाजूनं बघितलं तर तो अगदी सरळ होता. बाजू दुसरीही असते, एवढं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

बरेच बुधवार गेले. एकेक खोली सरकत पट्टी जिन्याजवळच्या खोलीशी पोचली.

खोली लहान होती. लोखंडी पलंग, बशीनं झाकलेला पाण्याचा पेला, भिंतीवर खुंटीला एक सदरा. आजोबा काळा चष्मा लावून खिडकीकडे तोंड करून बसले होते. उशीशी एक जाड पुस्तक होतं, पुठ्ठा सुटू नये म्हणून त्याला रबर लावलेलं.

"या. आज कोण?"

"मी मंडळाची सचिव."

"अरे बापरे! सचिव! थांबा मग, मी सदऱ्याची गुंडी लावतो." त्यांनी खरोखरच लावली. "हं. आता वाच. पुस्तक ते उशीशी आहे."

पट्टीनं रबर काढलं, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. 'भाऊ परत आला नाही, तेव्हा बहिणीनं दाराला कुलूप घातलं आणि ती निघाली.' डोंगरापलीकडे कामाला गेलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका बाईची गोष्ट होती. पट्टी भराभर वाचत होती.

"स्वल्पविराम खाल्लास," आजोबा म्हणाले. "पोटात दुखेल."

ती हसली. काळ्या चष्म्याची भीती तिथंच संपली. पुढचं पान तिनं जपून वाचलं. आणि मग तिचं लक्ष आजोबांच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते. तिच्या मागून नाही, तिच्या पुढून. ती थांबली, तरी आजोबा बोलतच राहिले, परिच्छेद संपेपर्यंत, एक अक्षर न चुकता.

"आजोबा, तुमचं हे वाचून झालंय?"

"वाचून नाही. जुळवून झालंय." त्यांनी दोन बोटांची चिमूट करून हवेत काहीतरी उचललं आणि ठेवलं. "छापखान्यात जुळारी होतो मी. तेव्हा पुस्तक छापायचं म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ बांधायची. क हवा तर क चा खिळा, काना हवा तर कान्याचा. असं अख्खं पान. या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग माझ्या हातचा आहे."

"आणि दुसरा?"

"घाईचं काम होतं, मालकांनी लेखकाचे कागद दोघांत वाटून दिले. माझे कागद जिथं संपले ना, तिथं वाक्यसुद्धा पुरं नव्हतं. ती बाई डोंगर उतरून एका घरापाशी येते, दार वाजवते. 'आणि आतून'... बस. माझा कागद संपला."

"आतून काय?"

"तेच तर! शेजारच्या जुळाऱ्याला विचारलं, अरे आतून काय? तो म्हणाला, 'मी अक्षरं बघतो, गोष्ट बघत नाही. तूही बघू नकोस, हात मंदावतो.' छापून झालं की पुस्तकं गाडीत चढायची, आमच्या वाट्याला बोटांची शाई. पुढं जुन्या बाजारात ही प्रत मिळाली. म्हटलं, आता काम सुटल्यावर निवांत, पहिल्यापासून वाचू, अशी मधूनच कशाला? तर काम सुटायच्या आधी डोळेच सुटले. काचबिंदू." ते हे सगळं असं सांगत होते, जणू शेजाऱ्याची गंमत सांगताहेत.

पट्टी म्हणाली, "पण आजोबा, आमची मुलं येतात की दर बुधवारी. इतक्या दिवसांत पुस्तक संपायला हवं होतं."

"येतात ना. गुणी पोरं आहेत. पहिल्या पोराला मी सगळ्यात आधी म्हटलं, मधून वाचशील का? तो म्हणाला, 'आजोबा, पण मला मागचं काहीच माहीत नाही.' खरंच होतं त्याचं. गोष्ट काय अशी मधून खातात होय? म्हटलं, बरं, पहिल्यापासून घे, पुढच्या बुधवारी पुढं जाऊ. पुढच्या बुधवारी दुसरा आला." ते हसले. "त्यालाही मागचं माहीत नव्हतं."

पट्टीनं पुन्हा पहिल्या पानाकडे पाहिलं. दर बुधवारी बहिणीनं दाराला कुलूप घातलं होतं आणि ती निघाली होती. आणि दर बुधवारी तिला वाटेतच सोडून मुलं घरी गेली होती.

"मग तुम्ही सांगायचं तरी ना कुणाला!"

"काय सांगू? पोरं हौसेनं येतात. एकेकाचं वाचणं किती रंगात येतं. भावाचं पत्र येत नाही तिथं एक मुलगी तर रडली. तिला मी म्हणू, बाई, हे मला पाठ आहे, पुढं चल?"

पट्टीनं भराभर पानं उलटली. "मला मागचं नाही कळलं तरी चालेल. सांगा, कुठं आहे ते दार?"

त्यांनी पान सांगितलं नाही, पुस्तक हातात घेतलं, अंगठ्यानं जाडी चाचपली आणि मधोमध उघडून तिच्या हातात दिलं. दोन पानं मागंपुढं करून तिला सापडलं. ती वाचू लागली. 'तिनं दार वाजवलं, आणि आतून एका लहान मुलाचा आवाज आला, कोण आहे?'

"लेकरू!" आजोबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरून मावशी डोकावल्या. "लेकरू होय! मी आपला इतकी वर्षं कुत्रं समजत होतो. वाच, वाच पुढं."

ते मूल भावाचं होतं. पण भाऊ घरी नव्हता, आणि तो कुठं गेला हे ते मूल सांगायला तयार नव्हतं. पट्टी वाचत गेली. आजोबांचे ओठ आता बंद होते. ते पुढं वाकून ऐकत होते, जसं नवीन ऐकताना माणूस ऐकतो तसं. आणि नेमकी तेव्हाच अंगणातून सरांची परत निघायची शिट्टी झाली.

"पुढच्या बुधवारी येशील?" आजोबांनी विचारलं. सहजच विचारल्यासारखं, पण हात पुस्तकावर होता.

पट्टीच्या तोंडावर 'हो' आलं होतं. मग तिला ढोल्या आठवला. नियम तिचाच होता. "पुढच्या बुधवारी माझी पाळी शेजारच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "पण मी ठराव मांडते. ज्यानं सुरू केलं त्यानंच शेवटपर्यंत वाचायचं. ठराव झाला की मी दर बुधवारी तुमच्याकडेच."

"ठराव!" आजोबांना मजा वाटली. "माझ्या एका गोष्टीसाठी ठराव! मांड बाई, मांड. मी काय, इथंच आहे."

घरी आई भाजी चिरत होती. पट्टीनं तिला सगळं सांगितलं.

"मग उद्याच जा की," आई म्हणाली. "चार घरं सोडून तर आहे. कोण अडवतंय?"

"असं कसं जाऊ? ढोल्याला मीच नाही म्हटलंय."

"मग ढोल्यालाही जाऊ दे."

"ठराव झाल्याशिवाय?"

आईनं विळी आडवी केली आणि तिच्याकडे पाहिलं. "अगदी बाबांवर गेलीस. घराला आग लागली तर तेही आधी अर्ज लिहितील."

"आई, मी नियम मोडला तर सगळेच मोडतील. मग त्या आजोबांकडे कुणीच जाणार नाही."

हेही काही खोटं नव्हतं. आई पुन्हा भाजीला लागली.

पुढच्या बुधवारी जिन्याजवळच्या खोलीत जायची पाळी त्या सहावीतल्या मुलीची होती. पट्टीनं तिला गेटपाशीच गाठलं. "हे बघ, पुस्तकात मी जिथं कागद घातलाय ना, तिथून वाचायचं. पहिल्यापासून नाही. कळलं?" मुलीनं मान डोलावली.

पट्टी शेजारच्या खोलीत एका आजींना हवामानाच्या बातम्या वाचून दाखवत होती, त्यांना तेच आवडायचं. दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मुलीचं काहीतरी बारीक बोलणं ऐकू आलं. मग आजोबांचा आवाज आला, "असं का? तुला मागचं ठाऊक नाही होय? मग कशी गंमत येणार तुला? बस, बस. घे पहिल्यापासून."

आणि भिंतीपलीकडून तो बारीक आवाज वाचू लागला, 'भाऊ परत आला नाही, तेव्हा बहिणीनं दाराला कुलूप घातलं आणि ती निघाली.'

पट्टी वाचता वाचता थांबली. "का गं, थांबलीस का? पाऊस आहे का उद्या?" आजींनी विचारलं. उठून चार पावलं टाकली असती तर ती त्या खोलीत पोचली असती. ती उठली नाही. तिनं मान खाली घातली आणि उद्याचं हवामान वाचलं. भिंतीपलीकडे बहीण चालतच होती.

मंडळाची सभा त्या आठवड्यात व्हायची होती. पण खेळाचे सामने आले, निम्मी मुलं मैदानावर, सभा पुढं गेली. नंतर सर आजारी पडले, पुन्हा पुढं गेली. तेवढ्यात आणखी एक बुधवार आला आणि गेला. पट्टीनं ठराव घरी चांगल्या अक्षरात लिहून ठेवला होता. तिला वाटलं, उशीर होतोय, पण रीतसर होतंय.

अखेर सभा भरली. पट्टीनं उभं राहून ठराव वाचला. तिचं वाचून होतंय तोच ढोल्या म्हणाला, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"मी म्हटलं तेव्हा नियम म्हणजे नियम. आता तुला जायचंय तर लगेच ठराव?"

पट्टीचे कान तापले. एरवी तिनं त्याला तीन उत्तरं दिली असती. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "तू म्हणालास तेव्हाच करायला हवं होतं. मी फक्त आपल्यात वाटणी बरोबर होते का तेवढं बघितलं. त्यांच्या वाट्याला काय येतं ते बघितलंच नाही." मग तिनं जुळारी आजोबांची गोष्ट सांगितली. हसणारं कुणी राहिलं नाही. ती पहिल्या दिवशी रडलेली मुलगी पुन्हा रडली. "मला वाटलं, त्यांना पहिल्यापासूनच आवडतं," ती म्हणाली.

ढोल्यानं सगळ्यात आधी हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला. तो मंगळवार होता.

बुधवारी शाळा सुटताच, सगळ्यांच्या आधी पट्टी वृद्धनिवासाच्या गेटातून आत पळाली. जिन्याजवळच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मावशी गादी उभी करून खिडकीशी उन्हाला टेकवत होत्या. खुंटीवर सदरा नव्हता.

"आजोबांची खोली बदलली का?" पट्टीनं विचारलं.

मावशींनी गादी सोडली. तिच्याकडे नीट बघितलं. "तू ती ठराववाली का?"

"हो."

"बस इथं."

"आजोबा कुठंयत?"

"रविवारी पहाटे गेले गं. झोपेतच. त्रास नाही काही झाला."

पट्टी बसली नाही. मावशी हात पुसत बोलत राहिल्या. गप्प राहिलं तर जास्त कठीण होईल, हे त्यांना कामामुळे ठाऊक असावं. "ताप होता दोन-तीन दिवस. मी पेज घेऊन आले की विचारायचे, 'मावशी, ठराव झाला का?' मला काय कळतंय कसला ठराव. मी म्हणायची, होईल हो, झाला असेल. मग म्हणायचे, 'झाला की ती येईल. ते पोरगं काही बोलत नव्हतं बघा, पण तिला सांगेल.'"

"कुठलं पोरगं?"

"मला काय माहीत? मी म्हटलं, तापात बरळतायत."

पट्टीला माहीत होतं. दारातलं ते पोरगं, भावाचं. "पुढचं कुणी वाचून दाखवलं त्यांना?" तिनं विचारलं. "कुणीतरी? एखादं पान?"

मावशींनी मान हलवली. "कोण दाखवणार, बाळा?" पुतण्या येऊन पेटी आणि पांघरूण घेऊन गेला होता. पुस्तक त्याला नको होतं. मावशींनी ते कपाटातून काढून तिच्या हातात दिलं. "तूच ने."

घरी बाबांनी तिला जवळ बसवलं. "तुझी काय चूक यात? तू तर नियमानंच वागलीस." हे ऐकून आतापर्यंत दाबून धरलेलं रडं बाहेर आलं, आणि बाबांना कळेना की आपण असं काय बोललो. आई आतून आली. तीही पूर्वीचं काही बोलून दाखवू शकली असती. तिनं नाही दाखवलं. पट्टीच्या पाठीवरून हात फिरवत ती नुसती बसून राहिली.

शाळेत मुलं दोन मिनिटं शांत उभी राहिली. ढोल्या नंतर जवळ आला. "मी त्या दिवशी उगाच लागट बोललो," तो म्हणाला, आणि त्याच्या मानानं फारच हळू म्हणाला.

"तू बरोबर बोलला होतास."

"तरी पण."

ते पुस्तक पट्टीनं आपल्या कप्प्यात ठेवलं. शेवट तिला एका संध्याकाळी वाचता आला असता. एकदा तिनं रबर काढलंही. पण आजोबा ज्या ओळीपाशी थांबले होते त्याच्या पुढं आपण एकटीनं जायचं, हे तिच्यानं झालं नाही. तिनं रबर परत लावलं. ते तसंच आहे.

नव्या ठरावानं ज्यानं त्यानं आपापलं माणूस धरलं. ढोल्या बटणवाल्या आजींकडे गेला आणि त्याचा आवाज पुन्हा अंगणापर्यंत येऊ लागला. पट्टीकडे माणूस नव्हतं. सरांनी तिला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं नुकत्याच आजारातून उठलेल्या एक जुन्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणत.

हेडबाई शाल घेऊन पडल्या होत्या. "नवी दिसतेस. काढ पुस्तक. कुठलंही काढ. मला आता गोष्टींच्या नुसत्या सुरुवाती पाठ झाल्यात."

पट्टीनं दप्तरात घातलेला हात तसाच बाहेर काढला. "बाई, तुमची कुठली गोष्ट अर्धी राहिलीय?"

"कुठली काय! सगळ्याच."

"त्यातली तुम्हाला पुढं हवी होती अशी?"

हेडबाईंनी शाल खाली सारली. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक पोरगा झाडावर चढला होता. खालून कुणीतरी शिडी काढून नेली. तो अजून वरच आहे बिचारा. थंडीत."

"कुणी वाचली होती ही?"

"नाव नाही माहीत. नाकात बोलणारा होता."

पट्टी उठली. "मी उद्या येते, बाई."

"उद्या गुरुवार. तुमचं बुधवारी असतं."

"हो. उद्या येते."

"सगळे येते म्हणतात," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल वर ओढली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पट्टी एकेका वर्गाच्या दारात उभी राहून नुसती मुलांची बोलणी ऐकत होती. सातवीच्या वर्गात तिला तो मुलगा सापडला. बाराही महिने सर्दी असलेला. झाडाची गोष्ट म्हणताच तो म्हणाला, "हां, ती! ग्रंथालयातलं आहे ते. निळ्या पुठ्ठ्याचं." शाळा सुटल्यावर तिनं ते घेतलं. तिथं उभ्या उभ्या ती पहिल्यापासून शिडीपर्यंत वाचून गेली, म्हणजे मागचं माहीत नाही असं व्हायला नको. सरांना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. मागच्या गेटानं ती वृद्धनिवासात गेली आणि जिना चढली.

हेडबाई जाग्या होत्या. पट्टीनं स्टूल पलंगाला टेकवून ठेवलं, ती बसली आणि पुस्तक उघडून, मुलगा झाडावर होता त्या ओळीपासून वाचू लागली.

"मोठ्यानं," हेडबाई म्हणाल्या.

पट्टीनं आवाज चढवला आणि ती तीच ओळ पुन्हा एकदा, स्वल्पविरामांसकट, वाचू लागली.